नाकारलेल्यांची बँक

पगाराच्या दिवशी आपल्या आजीच्या किंवा आईच्या स्वयंपाकघरात काय चालत असे, ते आठवून पाहावे. फळीवर डबे ओळीने मांडलेले असत. एकात घरभाड्याचे पैसे, दुसऱ्यात दूधवाल्याचे, तिसऱ्यात वाण्याचे, आणि तांदळाच्या डब्यात खाली दडवलेली पुरचुंडी आजारपणासाठी. भाड्याच्या डब्याला हात लावून सिनेमाला जाणे हे त्या घरात पाप समजले जाई. या व्यवस्थेला खर्च काही नव्हता, आणि मालकीणही घरचीच होती.

आता अशी कल्पना करावी की, हे डबे फळीवरून उचलून एका परक्या शहरातील कचेरीत नेऊन ठेवले आहेत, त्यांवर एक पगारी माणूस बसविला आहे, आणि डबे सांभाळण्याबद्दल तो दरमहा शुल्क घेतो. ब्रिटनमध्ये हा धंदा गेली काही दशके चालत आला आहे. ज्यांना नेहमीच्या बँकेने खाते नाकारले, किंवा ज्यांचे खाते वारंवार उणे जाऊन बंद पडले, अशी माणसे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. या खात्यांना तेथे ‘व्यवस्थापित खाते’ म्हणतात. बोलीत त्यांना ‘मुरांब्याच्या बरणीचे खाते’ असेही नाव आहे, कारण आपण जसे डबे वापरतो तशा तिकडच्या गृहिणी बरण्या वापरीत. गरिबाच्या सोयीसाठी गरिबाकडूनच पैसे घ्यावेत काय, हा या धंद्याच्या पोटातला प्रश्न आहे. त्याचे उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही, म्हणूनच तो येथे मांडावा असे आम्हास वाटले.

प्रथम एक शंका येईल. खाते नसले तर माणसाचे अडते कोठे? रोख पैसे घ्यावेत आणि रोख द्यावेत. ब्रिटनमधील कामगार पुष्कळ काळ असेच करीत होता. इतकेच नव्हे, तर तो त्याचा हक्कच होता. काही कारखानदार मजुरीऐवजी आपल्याच दुकानात चालणारे बिल्ले देत आणि कामगाराला तेथलाच महाग माल घ्यावा लागे. हा जाच मोडण्यासाठी १८३१ साली तेथील पार्लमेंटाने कायदा केला आणि मजुरी चलनी नाण्यांतच दिली पाहिजे असे ठरविले. पुढे १९६० च्या कायद्याने कामगाराच्या संमतीने चेकने किंवा खात्यात पैसे देण्यास मोकळीक मिळाली, आणि १९८६ साली जुना कायदाच रद्द झाला. तेव्हापासून ‘पगार खात्यात जमा होईल, खाते नसेल तर उघडून या’ असे मालक म्हणू लागले. सरकारी मदतही पूर्वी टपाल कचेरीत पुस्तक दाखवून रोख मिळे. तीसुद्धा २००३ सालापासून खात्यात वळती करण्याची मोहीम सुरू झाली. अशा रीतीने एके काळी ऐपतदारांची सोय असलेले खाते नळाच्या पाण्यासारखे आवश्यक होऊन बसले.

त्यातून खाते नसणे महाग पडते ते वेगळेच. ब्रिटनमध्ये विजेचे, वायूचे, टेलिफोनचे बिल भरण्याची मुख्य रीत म्हणजे ‘डायरेक्ट डेबिट’. ठरलेल्या तारखेला आपल्या खात्यातून परस्पर पैसे ओढून घेण्याची परवानगी आपण कंपनीला आगाऊ देऊन ठेवावयाची. जो अशी परवानगी देतो त्याला बिलात सूट मिळते. ज्याला खातेच नाही त्याला ती सूटही नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील खरेदीविक्रीचा अभ्यास करून ‘द पुअर पे मोअर’ हे पुस्तक लिहिले. गरीब माणूस तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे पावशेर तेल घेणाऱ्या बाईला हे पुस्तक वाचावे लागत नाही. ती रोज तेच अनुभवीत असते.

मग बँका खाते नाकारतात तरी का? कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण ओळखीचे आणि पत्त्याचे. बँक पारपत्र मागते, वाहन चालविण्याचा परवाना मागते, राहत्या घराचे वीजबिल मागते. जो कधी परदेशी गेला नाही, ज्याच्याजवळ मोटार नाही आणि ज्याच्या खोलीचे बिल घरमालकाच्या नावावर येते, त्याने काय दाखवावे? तुरुंगातून सुटून आलेला, नवऱ्याचे घर सोडून आलेली बाई, नुकताच परदेशातून आलेला विद्यार्थी, हे सारे या एकाच उंबऱ्यावर अडखळतात. पुण्यामुंबईहून शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनाही पहिल्या काही आठवड्यांत याची चव चाखावी लागते: घर भाड्याने घ्यावयाचे तर खाते हवे, आणि खाते उघडावयाचे तर घराचा पत्ता हवा.

दुसरे कारण पूर्वचरित्राचे. तेथे प्रत्येक माणसाच्या देण्याघेण्याची नोंद ठेवणाऱ्या खाजगी संस्था आहेत. कोणी हप्ता चुकविला, कोणाविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा झाला, कोणी दिवाळखोर ठरला, हे सारे त्या नोंदीत वर्षानुवर्षे राहते. नेहमीच्या खात्याबरोबर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त काढण्याची सवलत येते. ती एक प्रकारची उसनवारीच असल्याने बँक ही नोंद पाहिल्याखेरीज पुढे जात नाही. तिसरे कारण साधे आहे, पण ते कोणी मोठ्याने बोलत नाही: अशा खात्यात बँकेला फायदा नसतो.

१९९९ साली तेथील अर्थखात्याने या प्रश्नावर एक अहवाल प्रसिद्ध केला. ज्यांचा बँक, विमा वगैरेंशी कोणताच संबंध नाही अशी सुमारे १५ लाख कुटुंबे त्या देशात होती. या अहवालानंतर २००३ च्या सुमारास बँकांनी ‘मूलभूत खाते’ देण्याचे मान्य केले. त्यात ओव्हरड्राफ्ट नाही, चेकबुक नाही. पैसे भरावेत, काढावेत, बिले द्यावीत एवढेच. योजना चांगली होती. पण खात्यात नफा नसल्यामुळे खिडकीवरचा माणूस ते आहे असे आपण होऊन सांगत नसे. दिवाळखोरी संपलेली नाही अशा माणसाला तर बहुतेक बँका तेही देत नसत. दोन मोठ्या बँका देत होत्या, त्यांतील एकीने २०१२ साली नव्या दिवाळखोरांना दार बंद केले.

शिवाय त्या मूलभूत खात्यालाही एक काटा होता. डायरेक्ट डेबिटच्या दिवशी शिल्लक कमी पडली आणि बिल परत फिरले, की बँक दंड लावी. २००० नंतरच्या दशकात एका परत फिरलेल्या बिलाला ३० ते ३९ पौंड दंड ही नित्याची गोष्ट होती. दहा पौंड कमी पडले म्हणून पस्तीस पौंड दंड. दंडामुळे शिल्लक आणखी घटली म्हणून पुढचे बिल परत. त्यावर पुन्हा दंड. हा फास एकदा पडला की सुटत नसे. सरकारी नियामकाने ही शुल्के अन्यायाची आहेत काय, हे तपासण्यासाठी बँकांविरुद्ध दावा लावला. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. ही शुल्के म्हणजे एकंदर बँकसेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि त्या नियमावलीखाली किमतीची वाजवी-गैरवाजवी तपासणी नियामकाला करता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. या खटल्यात एक गोष्ट मात्र उजेडात आली. सुखवस्तू गिऱ्हाइकाचे खाते ज्याला ‘मोफत’ म्हणतात, ते खरोखर मोफत नसते. घसरलेल्यांकडून जे दंड वसूल होतात, त्यांतून न घसरलेल्यांच्या मोफत सेवेचा बराच खर्च भागतो.

या पार्श्वभूमीवर आपली शुल्काची खाती पाहिली पाहिजेत. त्यांची रचना समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कचेऱ्या झाडणारी एक विधवा बाई आहे, असे समजा. तिला महिन्याला १,००० पौंड मिळतात. ती व्यवस्थापित खाते काढते. फोनवर एक कारकून तिच्याशी बसून अंदाजपत्रक करतो: भाडे ५००, नगरपालिकेचा कर ९०, वीज आणि वायू ९०, पाणी ३०, टेलिफोन ३०. बेरीज ७४०. त्यात खात्याचे शुल्क १० धरले की ७५०. पगार जमा झाला, की हे ७५० पौंड ताबडतोब एका कप्प्यात जातात आणि त्यावर कुलूप पडते. उरलेले २५० दुसऱ्या कप्प्यात जातात. तिच्या कार्डाचा हात फक्त या दुसऱ्या कप्प्यापर्यंतच पोचतो. ती बाजारात कितीही मोहात पडली तरी भाड्याचे पैसे खर्च होऊ शकत नाहीत. आठवड्याला साठेक पौंड कार्डावर यावेत अशीही व्यवस्था तिला करून घेता येते. ओव्हरड्राफ्ट नाही, म्हणून कर्ज नाही. बिलाचे पैसे आधीच बाजूला काढलेले, म्हणून बिल परत जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. काही कमी पडेल असे दिसले तर कचेरीतून आगाऊ निरोप येतो. आणि पूर्वचरित्राची चौकशी नाही, म्हणून तिला कोणी नकारही देत नाही.

२०१० नंतरच्या दशकात या सेवेचे शुल्क साधारणतः महिन्याला १० ते १५ पौंड असे. सर्वांत कमी आकडा धरला तरी वर्षाचे १२० पौंड झाले. आता दोन्ही पारडी तोलून पाहू. पूर्वीच्या दराने तीन-चार बिले परत गेली असती तर एवढाच दंड बसला असता. ज्या बाईची वर्षाला आठ-दहा बिले परत जात होती, तिला हे खाते स्वस्तच पडले, आणि रात्रीची झोप मिळाली ती वेगळी. पण जी मुळात काटकसरी आहे, जिला केवळ वीजबिल दाखविता आले नाही म्हणून बँकेने परत पाठविले, तिचे काय? तिच्या हाती खर्चाला महिन्याचे २५० पौंड. त्या हिशेबाने १२० पौंड म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांचे जेवणखाण. जी शिस्त तिच्या अंगी आधीच होती, तीच तिला विकत घ्यावी लागली. वैद्याने पथ्य सांभाळणाऱ्यालाही औषधाचे पैसे भरावयास लावावे, तसा हा प्रकार झाला.

यावर या धंद्याचे लोक जे उत्तर देतात तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आमचे शुल्क उघड आहे. महिन्याच्या आरंभी दहा पौंड सांगून घेतो. मोठ्या बँकांसारखे ‘मोफत’ म्हणून मागल्या दाराने पस्तीस घेत नाही. शिवाय आमच्याकडे फोन उचलणारा माणूस आहे आणि त्याला पगार द्यावा लागतो. या उत्तरात तथ्य नाही असे आम्हास म्हणवत नाही. २००९ च्या निकालाने जे चित्र दिसले त्याच्याशेजारी हे उघड शुल्क प्रामाणिकच ठरते.

सरकारी मदतीची रीत बदलल्यावर या खात्यांकडे आणखी लक्ष गेले. २०१३ सालापासून तेथे निरनिराळ्या मदती एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाची एकच रक्कम महिन्याने देण्यास सुरुवात झाली. पूर्वी पुष्कळांना पैसे आठवड्याला किंवा पंधरवड्याला मिळत, आणि घरभाड्याची मदत बहुधा परस्पर घरमालक संस्थेकडे जाई. आता ती सर्वसाधारणपणे भाडेकरूच्याच हाती येऊ लागली. ज्यांनी कधी एका वेळी महिन्याचा पैसा हाताळला नव्हता त्यांची त्रेधा उडणारच. तेव्हा सहकारी पतपेढ्यांनी बरण्यांची खाती काढली, आणि स्वस्त भाड्याची घरे चालविणाऱ्या काही संस्थांनी आपल्या भाडेकरूंसाठी त्यांचे शुल्क भरण्याचीही तयारी दाखविली. यात परोपकार होताच, पण भाडे बुडू नये ही काळजीही होती. डब्याची किल्ली घरमालकाच्या सोयीने फिरू लागली, तर तो डबा खरोखर कोणाचा, हा विचार येथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

कारण शुल्कापेक्षाही आम्हास हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मुलाला एकाएकी ताप भरला आणि भाड्याच्या कप्प्यातील वीस पौंड हवे झाले, तर त्या बाईला फोन करून परक्या माणसाकडे स्वतःचेच पैसे मागावे लागतात. पैसे तिचे आहेत, ते मिळतातही. पण मागावे लागतात. आमच्या आजीनेही भाड्याच्या डब्यातून कधी चार रुपये काढले असतील आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप भरले असतील. तिने कोणाची परवानगी घेतली नव्हती. स्वतःच्या संमतीने घातलेले बंधन आणि दुसऱ्याने सांभाळलेले बंधन यांत फरक आहे. तो फरक खाते उघडताना गरजू माणसास सहसा दिसत नाही, कारण त्या वेळी त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. या जातीच्या कित्येक संस्था नावाने बँकेसारख्या दिसल्या तरी कायद्याने बँका नसतात. त्या कार्डावर पैसा ठेवून देणाऱ्या संस्था असतात. गिऱ्हाइकाचा पैसा त्यांना वेगळा ठेवावा लागतो हे खरे. पण बँकेतील ठेवीला जी सरकारमान्य भरपाईची हमी असते, ती अशा पैशाला थेट लागू होत नाही. याचा अर्थ २०२० च्या जूनमध्ये लोकांना कळून आला. वायरकार्ड ही जर्मन कंपनी, तिच्या हिशेबातील १९० कोटी युरोंचा पत्ता लागेना म्हणून, २५ जून रोजी दिवाळखोरीस गेली. तिच्या ब्रिटनमधील शाखाकंपनीच्या आधारावर तेथील कित्येक कार्डे आणि खाती चालत होती. दुसऱ्या दिवशी नियामकाने त्या शाखेचे व्यवहार थांबविले आणि या खात्यांवर भिस्त ठेवणाऱ्या माणसांचा पैसा गोठला. शनिवार गेला, रविवार गेला. ३० जूनला बंदी उठली. चारच दिवस. शिलकीत हजारो असलेल्या माणसाला चार दिवस ही गैरसोय. पण ज्याच्या घरात तीन दिवसांचे धान्य नाही, त्याला चार दिवस म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

सुदैवाने मधल्या काळात कायदाही पुढे सरकला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये नऊ मोठ्या बँकांनी सरकारशी करार केला, आणि २०१६ च्या आरंभापासून मूलभूत खात्यांवरील परत फिरलेल्या बिलांचे दंड बंद झाले. सप्टेंबर २०१६ पासून असे खाते मिळणे हा, काही अटी पाळून, कायद्याने दिलेला हक्कच झाला. दिवाळखोरी किंवा जुने बुडीत कर्ज हे नकाराचे कारण राहिले नाही. २०२० च्या एप्रिलपासून ओव्हरड्राफ्टवर ठोक शुल्क लावण्यास मनाई झाली. शिवाय मोंझो, स्टार्लिंग यांसारख्या, केवळ मोबाईल फोनवर चालणाऱ्या नव्या बँका आल्या. त्यांनी आपल्या खात्यातच कप्पे दिले: भाड्याचा वेगळा, विजेचा वेगळा. त्यासाठी त्या निराळे पैसे घेत नाहीत. म्हणजे ज्या डब्यांसाठी दहा पौंड पडत, ते आता पुष्कळांना फुकट मिळू लागले. तरीही नियामकाच्या २०२२ च्या पाहणीत सुमारे ११ लाख प्रौढ माणसे खात्यावाचून होती. ज्याच्याजवळ चांगला फोन नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याला माणसाच्या आवाजाचा आधार लागतो, त्याच्यासाठी ती शुल्काची कचेरी अजून उपयोगाची ठरू शकते.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? आपल्याकडे ही विचारधारा अगदी परकी नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. दारोदार फिरून रोजची आणा-दोन आणा शिल्लक गोळा करणारा पिग्मीवाला पुढे आपल्याही बाजारपेठांत ओळखीचा झाला.  सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तीही लहान बचत करणाऱ्या बायांना इतर बँका दारात उभ्या करीनात म्हणूनच. रिझर्व्ह बँकेने २००५ साली अल्प किंवा शून्य शिलकीची खाती उघडण्यास बँकांना सांगितले, २०१२ साली त्यांना मूलभूत बचत खात्याचे रूप दिले, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना सुरू झाली. २०२३ पर्यंत तिची खाती ५० कोटींच्या वर गेली. म्हणजे खाते मिळण्याचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडविला. पण खाते असणे निराळे आणि ते उपयोगी पडणे निराळे. किमान शिलकीची अट असलेल्या खात्यात शिल्लक घटली म्हणून दंड भरणारा माणूस आपल्या गावातही आहे. शून्य शिलकीचे खाते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून घरातील मुलगा परदेशी निघाला असो, की घरकाम करणारी बाई खाते काढावयास निघाली असो, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फुकट मिळणारे खाते मागून पाहिले काय, आणि नाकारले असल्यास कारण लेखी घेतले काय? पैसा ठेवला जातो ती संस्था खरोखर बँक आहे काय, आणि ती बुडाल्यास हमी कोणाची? आणि अडीअडचणीला स्वतःच्या पैशाला हात लावावयाचा झाल्यास कोणाला विचारावे लागते? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली आणि तरीही माणसास मदतनीस हवा असला, तर शुल्क देण्यात कमीपणा नाही. वकिलाला, वैद्याला आपण देतोच.

मात्र जे खाते कायद्याने फुकट मिळावयाचे ते कोणी सांगितले नाही म्हणून विकत घ्यावे लागले, तर तो दोष त्या गरीब माणसाचा नव्हे. शिकलेल्या शेजाऱ्याने अर्ध्या तासाचा वेळ काढून त्याच्याबरोबर बँकेच्या खिडकीपर्यंत गेले, तर वर्षाचे ते १२० पौंड, किंवा आपल्याकडचे काही शे रुपये, त्याच्याच डब्यात राहतील. व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या आपणा सर्वांना एवढे काम सहज करता येण्याजोगे आहे.